वजा सोळा मेंढ्या

“का गं उम्महानी, तुझ्या बापाच्या मेंढवाड्यात वजा सोळा मेंढ्या आहेत का?”

हे असं बोलले आणि हशा पिकला. मागच्या भिंतीला खुर्च्या लावून बसलेले निरीक्षक हसले, आसपासच्या गावांतून आलेले गणिताचे मास्तर हसले, मीही हसले. मी त्याच शाळेत अरबी शिकवते, गणिताच्या वाटेला कधी जात नाही. पण चारचौघांत नवऱ्यानं विनोद केला तर बायको नाही हसणार तर कोण हसणार? पोरं मात्र हसली नाहीत. वर्ग गच्च भरलेला, आणि एकाचाही दात दिसला नाही. मला वाटलं, निरीक्षकांना घाबरली असतील.

उम्महानी फळ्याजवळ खडू धरून उभी होती. चौदा वर्षांची काटकुळी पोर, गुलाबी डगला कोपरांवर विरलेला. बाप अतिया मेंढ्यांचा व्यापारी. बाजारात त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, पण अक्षरशत्रू. आणि खुर्च्यांवरच्या मास्तरांत तिचा सख्खा मामा बसला होता, मबखूत, पलीकडच्या गावच्या शाळेत गणित शिकवणारा. तो सगळ्यांत शेवटी हसला आणि लगेच खाली बघायला लागला.

त्या दिवशी ह्यांचा नमुना पाठ होता. निरीक्षक एका मास्तराला निवडतात, बाकीचे मागे बसून बघतात आणि शिकून जातात, अशी रीत. ह्यांना निवडलं यात नवल नव्हतं. जेल्फा शहराच्या अलीकडे-पलीकडे कुणालाही विचारा, गोष्टीतून समीकरण काढावं तर सी बेलखैरनं, म्हणजे ह्यांनी. ‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘श्रीयुत’. पोरांना आधी गोष्ट सांगायला लावतील. कुणाकडे काय आहे, काय गेलं, काय उरलं. मग म्हणतील, “आता जे माहीत नाही त्याला नाव द्या. नाव दिलं की ते भीती दाखवत नाही.” ढ पोरंसुद्धा ह्यांच्या तासाला माणसात येत.

पण एक अडचण होती, ती फक्त मला ठाऊक होती. आम्ही उजवीकडून डावीकडे लिहिणारी माणसं. इतकी वर्षं गणितही तसंच चालायचं. अज्ञात संख्येला ‘सीन’ हे आमचं अक्षर द्यायचं, फळ्याच्या उजव्या कडेला खडू टेकवायचा आणि डावीकडे चालत सुटायचं. मग राजधानीतल्या शहाण्यांनी ठरवलं की गोष्ट उजवीकडूनच लिहा, समीकरण मात्र डावीकडून, आणि सीनच्या जागी फिरंगी ‘इक्स’ बसवा. ही सुधारणा एका झटक्यात आली नाही, दर वर्षी एकेक इयत्ता वर चढत आली. ह्यांच्याकडे शेवटची इयत्ता, तिथं ती त्याच वर्षी येऊन थडकली. म्हणजे पोरं नव्या रीतीत मुरलेली आणि मास्तर नवशिका! पाठाच्या आधी आठवडाभर हे स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं सराव करत होते, डावीकडून उजवीकडे, दात ओठ खाऊन. मी म्हणायची, “अहो, दार पुसून पुसून माझे हात गेले.” हे म्हणायचे, “जित्याची खोड आहे, मेल्याशिवाय जाणार नाही बहुतेक.”

तर त्या दिवशी ह्यांनी गोष्ट लिहिली होती: मेंढपाळाने आपला कळप दुप्पट केला, त्यातल्या बारा मेंढ्या विकल्या, चव्वेचाळीस उरल्या. आधी किती होत्या? गोष्ट उजवीकडून लिहिता लिहिता ओळ संपली आणि खालच्या ओळीत समीकरण मांडलं. दोन इक्स, वजा बारा, बरोबर चव्वेचाळीस. हात झरझर चालला. निरीक्षक मान डोलावत होते. तेवढ्यात उम्महानीनं बोट वर केलं.

“शेख, ते उलटं झालंय.” आमच्याकडे पोरं मास्तरांना शेख म्हणतात आणि मास्तरणीला शेखा.

“काय उलटं झालंय?”

“समीकरण.”

पाहुण्यांसमोर पोरीनं टोकलं म्हणून ह्यांचा चेहरा जरा ताणला, पण हसून म्हणाले, “ये, सुलटं करून दाखव.”

तिनं ह्यांच्या समीकरणाखाली आपलं लिहिलं. हे फळ्याच्या उजव्या अंगाला उभे होते. तिची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली, “चव्वेचाळीस बरोबर बारा वजा दोन इक्स. शाबास! सोडवू? इक्स बरोबर वजा सोळा.” आणि मग ते मेंढवाड्याचं बोलणं.

पोर हलली नाही. तिनं फळ्याकडे एकदा ह्या बाजूनं बघितलं, एकदा त्या बाजूनं. मग ह्यांच्याकडे बघितलं, मागं पाहुण्यांकडे बघितलं, मामाकडेही. तिच्या डोळ्यांत काहीतरी आलं आणि गेलं. मला वाटलं, आता रडणार. तिनं डगल्याच्या बाहीनं आपली ओळ पुसली, फळ्याच्या उजव्या कडेला गेली आणि ह्यांचं समीकरण जसंच्या तसं, उजवीकडून सुरुवात करून, परत लिहिलं.

“चुकलं माझं, शेख.”

“चुकलं तर चुकलं. बस जागेवर. पण बोलण्याआधी विचार करावा माणसानं.”

पुढं पाठ छान रंगला. इक्स अठ्ठावीस आले, मेंढपाळाच्या मेंढ्या जागच्या जागी पोहोचल्या. मग दुसरी गोष्ट सोडवायला ह्यांनी जलूलला बोलावलं. जलूल म्हणजे वर्गातला शेवटचा गडी, पाहुण्यांना दाखवायला की बघा, हासुद्धा करतो. जलूल फळ्याजवळ आला आणि त्यानं खडू टेकवला तो डाव्या कडेला.

मी ह्यांच्याकडे बघत होते. चेहरा पांढराफटक पडला. जलूलच्या खडूबरोबर ह्यांची नजर डावीकडून उजवीकडे गेली, मग वर चढली, स्वतःच्या समीकरणावर, आणि तिथंच अडकली. निरीक्षक वहीत काहीतरी टिपत होते. तास संपल्याची घंटा झाली. निरीक्षक उठून म्हणाले, “सी बेलखैर, असा पाठ बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.” हे म्हणाले, “आपली मेहेरबानी.” बस्स, एवढंच म्हणाले.

ओसरीवर मबखूतनं मला गाठलं. “भाचीनं नाक कापलं आज माझं. पोरगी हुशार हुशार म्हणून मीच भावोजींच्या मागं लागलो होतो, जेल्फाच्या लिसेत, मोठ्या शाळेत घाला, वसतिगृहात ठेवा म्हणून. आता कुठल्या तोंडानं सांगू?”

“लहान आहे, बावरली,” मी म्हटलं.

“समीकरण मांडता येत नाही तिला. बावरण्याचा काय संबंध?”

घरी आल्यावर ह्यांनी ताटाला हात लावला नाही. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा भांडं आपटलं, तेव्हा बोलले. कुठून कसं वाचायचं ते मला बोटानं सतरंजीवर काढून दाखवलं. मला गणित कळत नाही, पण डावं-उजवं कळतं.

“म्हणजे ती पोर बरोबर होती?”

“ती बरोबर होती. मी गोष्टीच्या ओघात उजवीकडून लिहीत गेलो, आणि तिचंही उजवीकडून वाचलं. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.”

“आणि तुम्हाला कळलं कधी? जलूल आला तेव्हा ना?”

“हो.”

“मग तिथंच का नाही बोललात?”

“निरीक्षक लिहीत होते.”

“लिहीनात का! काय फासावर देणार होते?”

मी काही साध्वी नाही, माझ्याही मनात आलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळे खूश होऊन गेलेत, पोरंही विसरतील. तोंडातून तसं निघालंसुद्धा. तेव्हा ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून भांडी घासायला गेले. पाठमोऱ्या मला ऐकू आलं, “मी तिच्या बापावर विनोद केला गं. बरोबर असलेल्या पोरीच्या बापावर.”

दुसऱ्या दिवशी उम्महानी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जलूलकडून कळलं, मामानं घरी सांगितलं आणि बापानं मेंढ्यांच्या बाजारात चार लोकांत जाहीर करून टाकलं की पोरीला आता पुरे, घरी बसून लोकर विणेल. अतियाचा बाजारातला शब्द. आता झालं! तो शब्द फिरवायला लावायचा म्हणजे वाघाच्या जबड्यात हात.

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. अतियानं दारातच मिठी मारली, आत नेलं, ताक आलं, खजूर आले, कॉफी आली. ह्यांनी कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, “अतिया, चूक तुझ्या मुलीची नव्हती. माझी होती.”

अतिया हसला. “शेख, तुमचं मन मोठं आहे.”

“मन मोठं नाही रे बाबा, खरं सांगतोय.”

“अहो, माझा मेहुणा तिथं बसला होता. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं त्यानं. आणि पोरगी स्वतः म्हणाली ना, चुकलं म्हणून? तुम्ही तिची बाजू घ्यायला इथवर आलात, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. घ्या, खजूर घ्या.”

ह्यांनी आणखी दोनदा सांगून बघितलं. जितकं सांगावं तितका अतिया गहिवरायचा. पंचवीस वर्षं कमावलेलं नाव, आणि ते असं आड यावं! ह्यांची दशा बघवेना, म्हणून मी आत बायकांत गेले.

स्वयंपाकघरात उम्महानी आईबरोबर परातीत रवा घेऊन कुसकुसचे दाणे वळत होती. मला बघून उठली, माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि परत बसली. मी तिच्याजवळ टेकले.

“तू का पुसलंस गं? तुला कळलं होतं ना, शेख कुठून वाचतायत ते?”

“कळलं होतं.”

“मग?”

“पाहुणे होते ना, शेखा.” जसं काही मीच वेडगळासारखं विचारत होते. “आमच्याकडेही पाहुण्यांसमोर बाबा काही चुकीचं बोलले तरी आई नाही म्हणत नाही. पाहुणे गेल्यावर म्हणते.”

“पाहुणे गेल्यावर सोडत नाही,” आई म्हणाली.

उम्महानी हसली नाही. दाणे वळता वळता खाली बघूनच म्हणाली, “मला वाटलं, पाहुणे गेले की शेख बोलतील. मी बाकावर थांबले होते. सगळे गेले. मग शेख पण पिशवी घेऊन गेले.”

माझ्या अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं झालं. शिक्षकाची बायको आणि स्वतः शिक्षिका, मी तिथं परातीकडे बघत बसले.

बाहेर मबखूतचा आवाज आला. शुक्रवारचा तो बहिणीकडेच जेवतो. मी दारात आले तोवर हे अंगणात उतरले होते. शेगडीतला एक विझलेला कोळसा त्यांनी उचलला आणि अतियाच्या पांढऱ्याशुभ्र चुन्याच्या भिंतीवर लिहायला लागले. अतिया “अहो, अहो” करत मागं. दोन ओळी लिहिल्या.

“मबखूत, ही वरची माझी. ही खालची तुझ्या भाचीची. असंच होतं ना?”

“असंच. पण सी बेलखैर, आता कशाला…”

“वाच.”

मबखूतचे ओठ हलले. उजवीकडून. “तुमची बरोबर आहे. हिची वजा सोळा.”

ह्यांनी त्याचं मनगट धरलं आणि भिंतीच्या डाव्या टोकाशी नेऊन ठेवलं. “आता इथून वाच. तू वर्गात पोरांना शिकवतोस तसं.”

मबखूतनं वाचलं. मग परत वाचलं. हात भिंतीवरून हळूच खाली आला. हाही चाळिशीच्या पुढचा, ह्यांच्याच रीतीनं शिकलेला. “या अल्लाह,” तो म्हणाला. “मी पण उजवीकडूनच… आम्ही सगळ्यांनीच. तिथं बसलेल्या एकालाही…”

“मला समजेल असं बोला कुणीतरी,” अतिया म्हणाला.

“भावोजी, पोरगी बरोबर होती. आम्ही म्हातारे चुकलो.”

अतियाला हे कळायला वेळ लागला. त्यानं भिंतीकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. चेहऱ्यावरचा गहिवर उतरत गेला.

“आणि माझ्या मेंढ्यांवर हसलात, ते?”

ह्यांनी कोळसा शेगडीत परत टाकला.

“मबखूतनं तेही सांगितलं मला. मी म्हटलं, पोरीनंच वेळ आणली, हसणार नाहीत तर काय. तीन दिवस मी तिला काय काय बोललो. ती ऐकून घेत होती.” त्याचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. “शेख, तुम्हाला कधी कळलं हे? आज?”

इथं हे खोटं बोलू शकले असते. हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

“त्याच दिवशी. घंटेच्या आधी.”

अतियानं मान हलवली. मग म्हणाला, “जेवायला बसा. माझ्या घरातून कुणी उपाशी गेलेलं नाही. पण ज्या खोलीत हसलात त्या खोलीत हे बोला. मग बघू लिसेचं.”

“आणि निरीक्षकांना मी…” मबखूत म्हणाला.

“मी लिहीन त्यांना,” हे म्हणाले. त्यांनी लिहिलं. उत्तर काही आलं नाही.

जेवलो आम्ही. अतियानं चांगल्यातले चांगले मटणाचे तुकडे ह्यांच्या पुढ्यात सरकवले, आणि एकदाही ह्यांच्याकडे बघितलं नाही. अशा पाहुणचारापेक्षा दोन थोबाडीत दिलेल्या परवडल्या.

शनिवारी सकाळी अतिया पोरीला घेऊन स्वतः शाळेत आला. अंगावर सणाचा बुर्नूस, लांब लोकरी झगा. आत या म्हटलं तरी आला नाही, वर्गाच्या दारातच उभा राहिला. माझा तास मोकळा होता, मीही तिथंच थांबले. उम्महानी आपल्या बाकावर जाऊन बसली.

हे फळ्यापुढे उभे राहिले. मी ह्यांना पंचवीस वर्षं बघतेय, आईच्या मयतीला उभं राहिलेलं बघितलंय; असे कधी दिसले नव्हते. खडूची डबी एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून पहिल्यात.

“त्या दिवशी पाहुणे आले होते तेव्हा,” हे म्हणाले, “फळ्यावरचं माझं समीकरण चुकलेलं होतं. उम्महानीचं बरोबर होतं. मी तिला हसलो, तिच्या वडिलांवरून बोललो. नंतर मला कळलं, तरी मी गप्प बसलो. ही लाज माझी आहे, तिची नाही. तिची आणि तिच्या वडिलांची मी माफी मागतो.”

मागून जलूलचा आवाज आला. वाईट मनानं नाही बोलला बिचारा. त्याला वाटलं, मास्तरांना धीर द्यावा.

“आम्हाला माहीत होतं, शेख.”

“तुला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत होतं.”

ह्यांनी वर्गावरून नजर फिरवली. एकेक पोर खाली बघायला लागलं. तेव्हा मला कळलं, त्या दिवशी एकही का हसलं नव्हतं ते. वर्गभर पोरांनी मिळून एका मोठ्या माणसाला सांभाळून घेतलं होतं, आणि तो मोठा माणूस त्यांच्यातल्या एकीला उघड्यावर टाकून निघून गेला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेजारी अतिया खाकरला. मान माझ्याकडे न वळवता हळू आवाजात म्हणाला, “वसतिगृहात थंडी फार असते म्हणतात. रजई घरून द्यावी लागते का?”

“दिलेली बरी,” मी म्हटलं.

तो “बरं” म्हणाला आणि बुर्नूस सावरत निघून गेला.

आत ह्यांनी नवीन गोष्ट लिहिली. दोन बहिणींची, अक्रोडांची. मग खडू फळ्याच्या डाव्या कडेला टेकवला आणि सावकाश, एकेक चिन्ह करत, समीकरण मांडलं. मागं वळले. एरवी ह्यांची ओळ पुरी व्हायच्या आत पोरं उतरवून घ्यायची. आज एकाचीही लेखणी कागदाला लागली नव्हती. कुणी उर्मटपणा करत नव्हतं. सगळी पोरं उम्महानीकडे बघत होती.

तिनं फळ्यावरची ओळ डावीकडून वाचायला सुरुवात केली, शेवटपर्यंत गेली, परत मागं आली. हे खडू हातात धरून उभे होते. तेही तिच्याचकडे बघत होते. तिनं मान खाली घातली आणि लिहायला लागली. मग बाकीच्यांनी लेखण्या टेकवल्या.